नारिंगी टेकोडे

एटापल्ली,
३० ऑगस्ट १९५७

इंदुताईंस भागीरथेचा नमस्कार. मी बरी आहे. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी.

त्या दिवशी सकाळी मी सडा टाकला, शेळ्या सोडल्या, तांदूळ धुतले. तुमचे भाऊ लालसूबरोबर बांबू तोडायला निघाले होते. मी भाताची शिदोरी बांधून दिली. दुपारी ते ओकत घरी आले. शिदोरीचं फडकं रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

तेरवीला तुम्ही मला विचारलंत, काय खाल्लं होतं त्यानं? मी म्हटलं, भात. पुढचं बोलले नाही.

नंतर तुमची दोन पत्रं आली. दुसऱ्याकडून वाचून घ्यायची भीती वाटली, म्हणून गुळाच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावून लावून वाचायला शिकले. वाचलं तर दोन्हींत एवढंच होतं, "इकडे ये." तरी उत्तर लिहवलं नाही.

ताई, तो भात केशरी होता. तुमच्या घरचा केशरी भात खाल्ल्यापासून ते मला चिडवत असत, असा तुला जमायचा नाही. आमच्याकडे केशर कुठलं? शेजारच्या सुकरीच्या घरी जंगलातले नारिंगी टेकोडे, तुमच्याकडची अळंबी, खातात. ते उकळले की पाण्याला रंग येतो. त्या पाण्यात मी भात शिजवला, गूळ घातला. त्यांना सांगितलं नाही. केशर वाटू दे म्हटलं.

तीन वर्षं मला वाटत होतं, मीच त्यांना मारलं.

पोळ्याला सुकरीनं नवऱ्याच्या, लालसूच्या हाती तेच टेकोडे पाठवले. मी घेईना. त्यानं कारण विचारलं, तर सगळं तोंडातून निघून गेलं. तो ओट्यावर बसला. म्हणाला, "बाई, ते शिदोरी मी खाल्लो. मुखरूभाऊच्या पोटात रस्त्यातच कळ आली होती. एक शीत नाई खाल्लं त्यानं. मरनाऱ्या मानसाचा गोड भात खाल्लो, म्हनून लाज वाटे. तुमाले सांगलो नाई."

मी विचारलं, त्यांनी तो भात पाहिला तरी का?

"पाह्यला ना. म्हने, पाह्य रे लालसू, बाईनं माह्या ताईसारखा भात केला."

लालसू गेल्यावर मी खूप रडले. पण ताई, ते रडणं हलकं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सुकरीकडून टेकोडे मागून आणले, त्या पाण्यात भात शिजवला आणि पोटभर जेवले.

इकडे ये म्हणालात, ती येणारी,
भागीरथा