कडूकंदाचं डोकं

माय, मी बोलते आहे आणि तुझी पणती लिहिते आहे. अक्षर मला आलं नाही, तुलाही नव्हतं, तेव्हा हा कागद आपल्या दोघींच्या काही कामाचा नाही. तरी बोलते. हल्ली बसल्या जागी दमायला होतं, आणि दमलं की तूच आठवतेस, तीही बहुतेक रागावलेली.

मी दहाएक वर्षांची. सातपुड्याच्या उतारावरून एकटीनं अख्खा कडूकंद खणून नाचत घरी आणला. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, मान वळवून बघतेस. "बठ्ठं खणी लई उनी का वं?" वेल फुटते ते कंदाचं डोकं कापून त्याच खड्ड्यात परत पुरायचं, ही आपली रीत. मी सगळाच, डोक्यासकट, खणून घेऊन आलेली. "तुनं पोट भरनं, पन डोंगरनं काय?" म्हणालीस, आणि तव्यावरची भाकरी करपू देऊन मला कानाला धरून परत वर नेलंस. मग कंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडल्यास, कडूपणा उतरावा म्हणून टोपली रात्रभर नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवलीस. सकाळी पहिला तुकडा तुझ्याच जिभेवर. तू मान हलवेपर्यंत आम्ही कुणी हात लावायचा नाही.

तू गेलीस त्या वर्षी एक डोकं आणून इथे, चोपड्याकडच्या सासरी, गोठ्यामागे लावलं. "केळीच्या घरात हे काय जंगल आणलं!" म्हणणारी सासू तीनदा मागून खायची. माहेरच्या उतारावर आता वेल शोधून सापडत नाही. उरली ती ही एवढीच.

हिवाळ्यात वेल वाळते, कंद झोपतो, तेव्हा त्याला थेंबभर पाणी द्यायचं नसतं. यंदा केळीच्या ठिबकची नळी महिनाभर त्याच्या बुडाशी गळत राहिली. खणलं तर नुसता कुजका लगदा. मी ओट्यावरूनच लेकाला धारेवर धरलं, "अरे केळीवाल्या, वाळलेलं दिसलं की पाजलंच पाहिजे का?"

"आई, मी नाही लावली ती नळी."

"मग काय पायांनी चालत आली?"

सून पदराआड हसली. तो न जेवता मळ्यात गेला.

डोक्याचा मुठीएवढा तुकडा शाबूत होता. राख फासून सुकवला, कोरड्यात पुरला. मृग लागून पंधरा दिवस झाले, रोज काठी टेकत जाते, माती बघते. कोंब नाही.

माय, नळी मीच ओढून ठेवली होती. सगळं ठाऊक असून, वाळलेली वेल डोळ्यांना बघवेना.

पोरीचा पेन थांबला आहे. "आजी, हे पप्पांना सांग ना." सांगते म्हटलं. तो आताच येऊन जेवायला बसला. मी उठून त्याला जास्तीची भाजी वाढली, आणि परत येऊन बसले.