कातळ पलटणीचा पहिला खांदा

(गावाचं नाव वर मुद्दाम लिहिलेलं नाही. तुला ते ठाऊक आहे, बाकीच्यांना कशाला?)
माघ वद्य द्वितीया

चिरंजीव सुजय यास भिकाजीकाकाचा अर्धा आशीर्वाद. उरलेला अर्धा तुझं उत्तर वाचून ठरवीन.

तुझी प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो, कारण सहा वर्षांत ती कशी आहे हे तू कळवलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझा उजवा गुडघा त्यातून वगळावा. मार्गशीर्षात पाणंदीत पाय घसरला. (पाणंद कोरडी होती. एकतीस वर्षं बोटीच्या ओल्या डेकवर न घसरलेला माणूस कोरड्या पाणंदीत आपोआप घसरत नाही. त्या दिवशी सकाळी खालच्या घरच्या हरिश्चंद्राची म्हैस तिथून गेली होती, एवढंच लिहितो.) डॉक्टर म्हणतात, वर्षभर खांद्यावर ओझं घ्यायचं नाही. ते डॉक्टर हरिश्चंद्राच्या सुनेच्या माहेरचे निघाले, हे मला गुडघ्याला पट्टा बांधून झाल्यावर कळलं.

मोबाईल असताना हे पत्र टपालानं का, असं तुझ्या मनात येईल. आपल्या भावकीचा जो ग्रुप आहे त्यात हरिश्चंद्र आहे, आणि माझ्या फोनला काच बसवून दिली ती त्याच्या भाच्यानं. काच बसवायला वीस मिनिटं लागतात का? गावातला पोस्टमन त्याचा साडू. तेव्हा हे पाकीट मी स्वतः चिकटवून, स्वतः एसटीनं रत्नागिरीला नेऊन, मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्टानं टाकणार आहे. पाकिटाची कड फाटलेली आढळल्यास कळवणे.

आता मुद्दा. दिवाळीनंतर मला लोणच्याच्या बरणीखाली कागदांचा एक गठ्ठा सापडला. चौसष्ट पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली. आपली रुचिरा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागल्यापासून घरात कागद फार येतात, आणि बाप समोर आला की ते बरणीखाली जातात, म्हणून मी गठ्ठा पडवीत नेऊन पहिल्या पानापासून वाचायला घेतला. वर नाव होतं, ‘सातव्या कातळ पलटणीचा साद्यंत इतिहास’. पोरीनं भाडोत्री सैन्यात नाव घातलं, असंच मला पहिल्यांदा वाटलं. हल्ली परदेशात चौकीदाराची नोकरी सांगून नेतात आणि हातात बंदूक देतात, पेपरात येतं. मी तिचा पासपोर्ट काढून भाताच्या कणगीत पुरला. चौथ्या पानावर पलटण ज्या बोटींतून निघते त्या आकाशातून जातात असं वाचलं तेव्हा जरा हायसं वाटलं. पासपोर्ट अजून कणगीतच आहे, घाई काय आहे?

रुचिरा म्हणाली, हे सुजयदादानं लिहिलंय, कुठल्याशा खेळासाठी, जगभरची माणसं मिळून एक खोटं विश्व रचतात आणि तू त्यातली एक पलटण रचलीस, शुद्धलेखन तपासायला तिच्याकडे पाठवलीस. मी ऐकून घेतलं. खोटं विश्व रचायला माणूस आपल्या घरापासून सुरुवात करत नाही, सुजय. तुझा तो जांभा नावाचा ग्रह. तांबडा दगड, चार महिने कोसळणारा पाऊस आणि फाल्गुनापासून घागरभर पाण्याची मारामार. म्हणून तिथले लोक पलटण उभी करतात, नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर परक्यांच्या लढाया लढतात आणि मोबदला म्हणून बर्फानं भरलेली जहाजं घरी आणतात. कोणासाठी लढतोय हे विचारत नाहीत, उभं कुठं राहायचं एवढंच विचारतात. हे मी एकतीस वर्षं केलंय रे, फक्त बंदूक नव्हती. आणि पहिल्या पानावरचा तो नकाशा! सहा वर्षांपूर्वी तू तीन मित्र आणि एक टेप घेऊन आपला सडा, घरावरचं ते सपाट कातळाचं रान, मोजायला आला होतास. रिसॉर्टवाल्यांना जमीन दाखवायला आणलंस असं समजून मी तुम्हाला पानावरून उठवून बाहेर काढलं होतं. तुझा ‘उल्कापाताचा खड्डा’ म्हणजे आपली बंद पडलेली चिरेखाण आहे, लांबी-रुंदीसकट. टेप त्यासाठी होती. हे तू तेव्हाच का सांगितलं नाहीस? (सांगितलं होतंस, असं तुझी काकू म्हणते. तिच्या स्मरणशक्तीवर माझा पूर्ण विश्वास नाही.)

पलटणीच्या पाच घराण्यांच्या भानगडी मी दोनदा वाचल्या. मेलेल्या सैनिकांचे आवाज साठवलेली ती स्मरणपेटी यंत्रानं उचलली तर आवाज बंद पडतात, म्हणून माणसांनीच दांड्यांवर खांदे देऊन न्यायची, हेही वाचलं. त्यात मला पान एकोणीस दिसलं. उजव्या हाताच्या पुढच्या दांडीचा मान तोरण्यांच्या घराण्याकडे! आणि हे तोरणे कसे, तर बोलण्याआधी तीनदा खाकरणारे, खालच्या दरीत राहणारे, कनवटीला पानाची डबी बाळगणारे. सुजय, साऱ्या तालुक्यात असा माणूस एकच आहे. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तुला कोणीतरी भेटून गेलंय. मग पान एकेचाळीस आलं. शेवाळ्या चंद्राच्या लढाईत शत्रू पलटणीला पाणी पाठवतो, सगळे पितात आणि झोपतात, तोरण्यांचा कप्तानही दांडी सोडून आडवा होतो. एकटा सड्यावरच्या घराण्यातला मुकादम गोरख ते पाणी पीत नाही, कारण सकाळपासून त्याला स्वयंपाक्याच्या चालण्याचा संशय असतो. तो पेटीखाली खांदा देतो आणि मान कायमचा त्याच्या घराकडे येतो. साऱ्या पुस्तकात हा एकच शहाणा माणूस आहे. तो तुला कुठे भेटला, मला कळत नाही. पण एकोणिसाव्या पानावर खालचं घर आणि एकेचाळिसाव्यावर वरचं, म्हणजे तू नक्की कोणाच्या बाजूचा, हे अजून उलगडलेलं नाही.

आता जे घडलं ते नीट वाच, कारण यात तू अडकला आहेस. शिमग्याच्या तयारीची गावबैठक परवा देवळात झाली. माझा गुडघा असा, मला मुलगा नाही, तुझे बाबा नाहीत. तेव्हा यंदा पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठताना पहिला खांदा कोण देणार हा प्रश्न निघणार हे मी जाणून होतो. पिढ्यान्‌पिढ्या तो खांदा वरच्या घराचा आहे. त्या दिवशी घरातलं कोणी दांडीखाली उभं राहिलं नाही तर मान जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही, हा गावाचा नियम तुला माहीत आहे. हरिश्चंद्र उठला, तीनदा खाकरला आणि त्यानं पिशवीतून काय काढलं? तुझा इतिहास! छापील, पिना मारलेला. लेखी पुरावा म्हणून. (त्याच्यापर्यंत तो कसा पोचला, याचा तपास चालू आहे.)

कोणीही शहाणा माणूस तिथल्या तिथे म्हणाला असता की ही गोष्ट आहे. पण बैठक चालवणारे गावकर अनिल पडले निवृत्त हेडमास्तर. हातात छापील कागद आला की ते पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचतात. वाचता वाचता पान सात आलं. तिथे तू पलटण निघण्यापूर्वीचं गाऱ्हाणं घातलंयस. बा देवा महाराजा, ही तुझी लेकरं परमुलखात निघाली, त्यांच्या वाटेतले काटे दूर कर, जशी गेली तशी घरी आण. मास्तरांचा आवाज लागलेला, देवळाचा सभामंडप, समोर नारळ. अख्खी बैठक उठून उभी राहिली आणि चाळीस माणसं एका आवाजात म्हणाली, व्हय महाराजा! मीही म्हणालो. तोंडातून कधी गेलं कळलंच नाही. मास्तरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “आता काय करता? देवासमोर व्हय बोललाव सगळी. आता ह्याला खोटा म्हनता येनार नाय.”

तिथून पुढे दोन तास तुझ्या पलटणीवर चर्चा झाली. मागं बसलेल्या आनंदनं विचारलं, “अवो, पन ह्यो ग्रह पडतो खंय? लांज्यात का राजापुरात?” त्यावर हरिश्चंद्र म्हणाला, मूळ पुरुष कुठून तरी आलाच असेल ना, मग तिथूनच आला. हे त्याचं बोलणं खोडून काढायचं तर हा ग्रह नाहीच असं म्हणायला हवं होतं, पण मी काय केलं? गुडघा विसरून उठलो आणि ओरडलो, पान एकेचाळीस वाचा! मुकादम गोरखाचं पूर्ण प्रकरण मी स्वतः वाचून दाखवलं, हातवाऱ्यांसह. टाळ्या पडल्या. वाचून खाली बसलो तेव्हा लक्षात आलं की आपणही हा पुरावा मानून बसलो. शेवटी वहीत ठराव झाला तो असा: दोन्ही पानं परस्परविरोधी असल्यामुळे लेखकास पालखी उठण्यापूर्वी समक्ष बोलवावे व खुलासा घ्यावा. तोपर्यंत मान वरच्या घराचा, पण दांडीखाली घरचा माणूस हवा. रुचिरा म्हणते, मी देते खांदा. माझी काही हरकत नाही, तिचा खांदा माझ्यापेक्षा बळकट आहे. पण गावाला तो ठराव करायला आणखी तीन शिमगे लागतील आणि मान यंदाच जाईल.

एक गोष्ट लिहू की नको, याचा दोन दिवस विचार केला. पान बावन्न. पेटीतला तो आवाज, जो दर वेळी एकच विचारतो, विहिरीकडच्या आंब्याला मोहोर आला का? धाकू, तुझा बाप, जगाच्या कुठल्याही बंदरातून फोन करायचा तेव्हा आधी हेच विचारायचा. माझी तब्येत नंतर. शेवटचा फोनही तोच होता, आणि मी त्याला म्हणालो होतो, तुला आंब्याची काळजी की त्यातल्या वाट्याची? तो हसला होता. आठवड्यानं बोटीवरच गेला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुला कुठून कळलं? बावन्नावं पान वाचून मी पडवीत बसून रडलो. चष्म्याचा दोष असेल म्हणून पुसून पुन्हा वाचलं, पुन्हा रडलो. मला फार वाईट वाटतं, सुजय. त्याच्याविषयी वाटतं आणि त्या टेपविषयीही वाटतं.

असो. काकूचा आशीर्वाद पूर्ण आहे, तिला कोणाचा संशय येत नाही. पुण्याचं पाणी उकळून पीत जा. तुझा मित्र म्हणून जो कोणी रत्नागिरीचा आहे असं रुचिरा म्हणते, त्याच्यापासून सांभाळून राहावे.

तुझा काका,
भिकाजी

ता. क. यंदा मोहोर चांगला आहे.

ता. क. २. पालखी फाल्गुन पौर्णिमेला सकाळी दहाला सहाणेवरून उठते. तू आदल्या दिवशी पुण्याच्या एसटीनं उतर. खुलासा तू वाट्टेल तो कर, तोरण्यांच्या बाजूनं केलास तरी चालेल, मी बघून घेईन. पण उजव्या पुढच्या दांडीखाली तू उभा राहा. मऊ टॉवेल आणू नकोस, आपल्या घरात टॉवेल घेऊन खांदा देत नाहीत.

ता. क. ३. येताना रिसॉर्टवाले आणायचे असतील तर आधी कळवणे. जेवायला किती माणसं धरायची ते ठरवता येईल.

सुजय, मी काकू. पाकीट रुचिरानं वाफेवर उघडून दिलं. यांना घरातल्यांचा संशय येत नाही असं नाही, पण वाफेचा येत नाही. तुझ्या पुस्तकाच्या अकरा झेरॉक्स यांनीच काढल्या. पट्टा बांधलेल्या गुडघ्यानं घरोघर जाऊन स्वतःच्या हातानं वाटल्या, आमच्या सुजयनं लिहिलंय म्हणून. हरिश्चंद्र भावोजींकडे तर पहिली.

काल हे गुडघा दाखवायला गेले तेव्हा भावोजी येऊन गेले. चहा घेतला. धाकूभावोजींच्या शेवटच्या फेरीला ते त्याच बोटीवर होते, हे तुला कोणी सांगितलं नसेल. जाताना म्हणाले, “वैनी, बैठकीत मी कागद काढला तो पोराला हितं बोलवायला. तो आला तर पयला खांदा त्याचाच, मी त्याच्या मागं ऱ्हातो.” हे मी यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यात डाव शोधत बसतील आणि पौर्णिमा निघून जाईल.

तू ये. दोघंही तुझी वाट बघतायत, एकमेकांना कळू न देता.