तेओपिस्ताच्या खुर्चीबाबत

मी, कॉस्मा मुबिरू, वय एकसष्ट, धंदा सुतारकाम व फर्निचरविक्री, राहणार मसाका, युगांडा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके शाबूत आहे, कान त्याहून. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. दुकान, लाकूड, करवती, पटाश्या थोरला मुलगा अँब्रोज यास. रिवाजाप्रमाणे माझा वारस तोच. मोठा रंधा मेहुणा सेबास्तियन "उद्या आणतो" म्हणून घेऊन गेला. तो उद्या अजून उजाडायचा आहे. रंधा त्याच्याकडेच राहू द्यावा. निदान माझ्या दुखवट्याला तरी मान खाली घालून येईल.

२. राहते घर व केळीची बाग पत्नी तेओपिस्ता हिला, कायमची. आधी हे अँब्रोजला लिहिले होते. का बदलले ते सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

धाकटी फ्लाव्हिया माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्गात आहे. इंग्रजीच्या अकेलो बाई गद्य आणि कविता जोडीने शिकवतात. त्या म्हणाल्या, "घरातली एक वस्तू घ्या. आधी उतारा लिहा. मग जे काढून टाकवत नाही, तेवढ्याचीच कविता करा." पालकदिनी मुलांनी ते वाचले. फ्लाव्हियाचा उतारा खुर्चीवर होता. त्यात गिऱ्हाइकाशी घासाघीस करणारी माझी नक्कल ऐकून सगळे हसले, मी सर्वांत जास्त. मग कविता:

आमच्या घरात सहा खुर्च्या.
पाच पाहुण्यांची वाट बघतात,
एक बाबांची.
आई चटईवर बसते
आणि सगळ्यांच्या गुडघ्यांशी बोलते.

मिशनच्या पाद्र्यांच्या ऑर्डरी घेता घेता मी इंग्रजी कानाने शिकलो आहे. शब्द न् शब्द कळला. तरी काहीच न कळलेल्या बापासारख्या कडकडून टाळ्या वाजवल्या.

तेओपिस्ताने विचारले, "काय हो म्हणाली पोर?"

"तुझं कौतुक केलं."

"कसलं बाई?"

"तुझ्या हातच्या मटोकेचं. केळी किती मऊ शिजवतेस ते."

ती इतकी खुलली की पाणी भरायला जाईल तिथे हेच सांगू लागली. ते फ्लाव्हियाच्या कानावर गेले.

"बाबा, माझ्या कवितेत मटोके कुठं होतं?"

"माझं इंग्रजी दुकानापुरतं, पोरी."

"पाद्र्यांशी तर तासन्‌तास गप्पा मारता."

एवढेच बोलली. तेव्हापासून ती घरात काही वाचून दाखवत नाही. वर्गातही हात वर करत नाही, आता कॉमर्स घेते म्हणते, असे बाई सांगतात.

३. बँकेतील ठेव फ्लाव्हियाच्या शिक्षणास. तिला साहित्य शिकायचे असल्यास कोणी आडवे येऊ नये. "कवितेने चूल पेटत नाही" हे माझे बोलणे मी मागे घेतो.

४. हे मृत्युपत्र भाऊबंदांपुढे मोठ्याने वाचले जाईल. त्या वेळी फ्लाव्हियाने ती कविता लुगांडात, आमच्या घरच्या भाषेत, आईला सांगावी. तेओपिस्ता खुर्चीवर असावी. बायकांनी चटईवरच बसावे या रिवाजावरून वडीलधारे कुरकुरले तर हे कलम पुन्हा वाचावे.

एवढे लिहून झाल्यावर साक्षीदार अकेलो बाई म्हणाल्या, "मुबिरूकाका, मेल्यावर कशाला? काकू अंगणातच आहेत की."

खरे होते. मी हातांची चांगली खुर्ची अंगणात ठेवली आणि तेओपिस्ताला हाक मारली. तिने खुर्ची पुसली.

"कोण येणार आहे?"

"कोणी नाही. तू बस."

"इश्श, काहीतरीच!" ती चटई पसरून खाली बसली. मीही शेजारी टेकलो. म्हटले, "फ्लाव्हियाची ती कविता..."

"मटोकेची? सांगा ना परत!"

तिचा चेहरा पाहिला आणि मी परत मटोकेचीच सांगितली. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नजर वळवली.

तरी कलम चार जसेच्या तसे पाळावे. माझ्याने झाले नाही.

सही: कॉस्मा मुबिरू
साक्षीदार: १. ग्रेस अकेलो, शिक्षिका २. योकाना कसुले, शेजारी
मसाका, ९ ऑगस्ट २०१४