दस्तगीरच्या गळ्यात

सोनपेठ, ता. ५ ऑक्टोबर १९४८

चि. सौ. भागम्मा हीस,
ईश्वरअप्पाचे अ. उ. आ. वि.

अक्षर किशनराव मास्तरांचं आहे, बोल माझे. उजव्या हाताची तीन बोटं गेली, डोक्याला नऊ टाके पडले. रडू नकोस, आधी ऐक.

आषाढात रझाकारांनी आपलं कापडाचं दुकान पेटवलं, तेव्हा दस्तगीर अत्ताराने मला आणि तुझ्या वहिनीला तीन दिवस घरात दडवलं होतं. आता निजामी गेली, वारं फिरलं. ज्यांचं जळलं होतं ते जाळायला निघाले, आणि ज्यांचं काहीच जळलं नव्हतं तेही निघाले. दस्तगीरच्या भावाला भरबाजारात दगडांनी ठेचून मारलं. मी दस्तगीरला धोतर नेसवलं, कपाळी विभूती ओढली, माझ्या गळ्यातलं इष्टलिंग काढून त्याच्या गळ्यात बांधलं आणि त्याच्याजवळ बसून गाडीवानाला बैलगाडी गंगाखेड स्टेशनाकडे हाकायला लावली.

ओढ्यापाशी मुसलमान शोधत फिरणाऱ्या दहा-बारा जणांनी गाडी अडवली. गळे दाखवा म्हणाले. त्याच्या गळ्यात लिंग दिसलं. माझा गळा मोकळा, त्यात न्हावी गाव सोडून गेल्यापासून दाढी वाढलेली. नाव सांगितलं तर म्हणे, आता समदेच लिंगायत व्हायलेत. मला खाली ओढलं. दस्तगीर उडी टाकायला बघत होता, पण गाडीवानाने बैल उधळले. कुऱ्हाड आली तसा मी हात आडवा घातला.

पट्टी बदलताना ब्रह्मांड आठवतं. तेव्हा मी डोळे मिटून हैदराबादेत जातो. पत्थरगट्टीतली दुकानं ओळीने म्हणतो, पण चौथ्यानंतर चुकतो. तू नीट लिहून पाठव. दस्तगीर तुझ्याकडे पोचला का, तेही लिही. तुझे यजमान महालिंगराव यांना शरणार्थ सांग.

तुझा अण्णा

बाई, हे त्यांना न विचारता लिहितो. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ते अन्नाला शिवत नाहीत. पाच दिवस नुसतं पाणी घेतात. स्वामी नवं लिंग बांधायला आले होते. दुसरं बांधलं म्हणजे दस्तगीर मेला असं मीच कबूल केलं, असं म्हणून परत पाठवलं. वैद्य म्हणतात, असंच चाललं तर आठवडा निघणार नाही. — किशनराव

हैदराबाद, ता. ८ ऑक्टोबर १९४८

ती. स्व. अण्णा यांस,
भागम्माचे कृ. सा. न. वि. वि.

तुमच्यावर चिडू की रडू? दस्तगीरभाई इकडे आलेले नाहीत. म्हणून तुम्ही उपाशी मरणार? वहिनीचा विचार कुणी करायचा?

घ्या तुमचं हैदराबाद. हुसेनसागरच्या बांधावर तसाच वारा आहे. चूडी बाजारात लाखेच्या बांगड्या तशाच तापवतात. तुम्ही दोघं दर दसऱ्याच्या आधी माल भरायला यायचात, तुम्ही कापड, ते अत्तर. संध्याकाळी इराण्याकडे चहा. पहिल्या वर्षी सोवळं म्हणून तुम्ही घरून पितळी पेला नेलात आणि इराण्याने कपातला चहा त्यात ओतून दिला. तिसऱ्या वर्षी तुम्ही पेलाच घरी विसरायला लागलात! आई विचारायची तेव्हा दस्तगीरभाई शपथेवर खोटं

पत्र इथं टाकून उठले, अण्णा. एकदम सुचलं, आणि यांना इराण्याकडे पिटाळलं.

दस्तगीरभाई तिथंच होते. सात दिवस रोज सकाळी येऊन दोन चहा मागतात. एक पितात, दुसरा समोर गार होतो. तुम्ही ओढ्यावर संपलात असं त्यांना वाटत होतं, म्हणून आमच्या दारी तोंड दाखवलं नाही. आणि ऐका, तेही उपाशी! पूजेशिवाय जेवायचं नाही हे तुमच्याकडून ऐकलेलं, पूजा येत नाही, आणि लिंग गळ्यातून काढायची हिंमत होईना. तुम्ही जिवंत आहात हे ऐकून इराण्याच्या हाटेलात मोठ्यानं रडले.

लिंग घेऊन हे आजच्याच गाडीने निघतायत. पत्थरगट्टीची दुकानं मागच्या पानावर लिहिली आहेत. जेवा. माया असेल तर एवढं करा.

आपली भागम्मा

सोनपेठ, ता. १२ ऑक्टोबर १९४८

चि. सौ. भागम्मा हीस अ. उ. आ. वि.

डाव्या हाताने लिहितो, कोंबडीचे पाय समज. महालिंगराव परवा पोचले. लिंगाला खसाच्या अत्तराचा वास येत होता, पूजेत पाण्याने धुतलं तरी जाईना. वरणभात जेवलो. तुझी वहिनी वाढता वाढता मला शिव्या देत होती.

काल चंद्रभान आला. आपल्याकडूनच धोतरं न्यायचा तो. कुऱ्हाड त्याची होती. पायावर डोकं ठेवून म्हणाला, अप्पा, चुकी झाली, तुमाला वळखलं न्हाई. मी विचारलं, वळखलं असतंस तर कुऱ्हाड कुणावर पडली असती? मी जन्मात कुणावर हात उगारला नव्हता, भागम्मा. डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत दिली.

दस्तगीरला घरी परत यायचं आहे असं महालिंगराव म्हणाले. त्याच्या घराच्या चौकटीसुद्धा उपटून नेल्यात. त्याला सांग, एवढ्यात येऊ नकोस. माझ्या गावाबद्दल मलाच असं लिहावं लागतंय, लाज वाटते.

महालिंगरावांच्या हाती पितळी पेला देतोय. इराण्याकडचा दुसरा चहा त्यात ओतून दस्तगीरनेच प्यायचा. मी येईपर्यंत गार होऊ देऊ नको म्हणावं.

तुझा अण्णा