उजव्या कोपऱ्यातली गुडगुड

२ फेब्रुवारी

आलो बुवा एकदाचे! सामान उतरवलं, खोली झाडली आणि हिने पहिला चहा स्वतःच्या ओट्यावर केला. दादा-वहिनीच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर, ज्या ओट्यावर दुसऱ्या कुणाची पातेली नाहीत तो स्वतःचा. ही उगाचच दार लावत होती आणि उघडत होती. आपलं दार, म्हणाली. मला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं.

नोकरी म्हणजे या बंगल्यातली खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी सांभाळायची. हॉलची अख्खी भिंत टाकीने खाल्ली आहे. आत माणूस आरामात पोहेल. उजव्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा. टाकीतलं जास्तीचं पाणी काठावरून त्यात सांडतं, जाड पाइपने खाली तळघरात येतं, तिथल्या टाकीत गाळलं जातं आणि पंप ते रिटर्न पाइपने परत वर फेकतो. तळघराला लागूनच आमची खोली. गेलेलं पाणी परत आलं पाहिजे, एवढंच या धंद्यात बघायचं असतं.

मालकीणबाई म्हाताऱ्या, एकट्या, आणि आवाजाने करड्या. जिन्यावरूनच दोन हुकूम सोडले. पंप बंद करायचा नाही आणि उतरत्या पाइपची गुडगुड बंद करायची नाही. गुडगुड होते ती पाइप पाण्याबरोबर हवा ओढतो म्हणून. ती का ठेवायची, असं विचारलं तर म्हणाल्या, सांगितलंय तेवढं करा. बरं बाई, करतो.

५ फेब्रुवारी

या घरात माणसांपेक्षा मासे बरे, निदान नाक तरी मुरडत नाहीत. बाई मला 'ए नळवाले' म्हणतात. स्वयंपाकीणबाईंना विचारलं, माझ्या आधी इथे कोण होतं, तर त्यांनी हातातलं ताट दाणकन आपटलं आणि पाठ फिरवली. हिने आपणहून भाजी चिरायला मदत केली, तिलाही म्हणे सुरी जागेवर ठेवा. माझं डोकंच फिरलं. हिने हात दाबला म्हणून गप्प बसलो.

काम मात्र झकास केलं. रिटर्न पाइप थरथरत होता. त्याच्या एकमार्गी झडपेत गोगलगाईचं कवच अडकलं होतं, ते काढलं, रबराचा जोड बदलला. पाणी तरतरीत चढायला लागलं. कुणी बरं म्हटलं? नाव नको.

राहिली ती गुडगुड. एक लांब ओढ, मध्ये थांबा, मग गुड-गुड. दुपारी बाई त्या कोपऱ्याशी खुर्ची ओढून डोळे मिटून बसतात. मासे तिकडे फिरकत नाहीत. ही म्हणते, तुमच्या घोरण्याला जोडीदार मिळाला. ती हसते, पण मला ते ऐकवत नाही. आमच्यात गुडगुडणारा पाइप म्हणजे कारागिराच्या अब्रूचा पंचनामा. उद्या कुणी जाणकार या घरात आला तर काय म्हणेल?

९ फेब्रुवारी

बाई आज बाहेरगावी. हिचं डोकं ठणकत होतं आणि त्या आवाजात डोळा लागेना. निमित्तच मिळालं. उतरत्या पाइपवरचा व्हॉल्व्ह आवळत गेलो, केसभर, पुन्हा केसभर. कप्प्यातलं पाणी वर चढलं, पाइप काठोकाठ भरला, हवा आत शिरायची थांबली. शेवटी एक घोट गिळल्यासारखा आवाज आला आणि मग चिडीचूप. पाणी उतरतंय की नाही हे हात लावल्याशिवाय कळू नये, असं काम.

ही टाळ्या वाजवून हसली आणि दुपारभर गाढ झोपली.

१० फेब्रुवारी

बाईंनी मला मारलं. हिच्या देखत, या वयात, मला थोबाडीत मारलं. परत आल्या, कोपऱ्याशी उभ्या राहिल्या, काचेला कान लावला आणि तशाच धडपडत खाली आल्या. आल्या त्या हात उगारूनच. मग म्हणाल्या, उघड.

मी तेव्हाच गाठोडं बांधणार होतो. पण जायचं कुठे, पुन्हा वहिनीच्या दारात? हिचे डोळे बघून व्हॉल्व्ह उघडला. सताड उघडला. पाणी कप्प्यात खाली गेलं, पाइप अर्धा रिकामा झाला, आता तो बोंबलायला हवा. पण आवाज नाही. वरचं तोंड पाहिलं, जोड पाहिले, वाकणं पाहिली. सगळं मोकळं. असा पाइप गप्प बसूच शकत नाही, मी पैजेवर सांगतो. बाई तासन्‌तास तिथे उभ्या होत्या. रडत नव्हत्या, नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

१२ फेब्रुवारी

हिला खोकला. नुसता खोकला असता तर बरं. दुपारी पडली होती, मी शेजारी बसलो होतो आणि ऐकलं. एक लांब ओढ, मध्ये थांबा, मग छातीत गुड-गुड. मी हलवून उठवलं. ती म्हणाली, "अहो, तळाशी बसल्यासारखं वाटतंय."

डॉक्टर आले. छाती साफ आहे म्हणाले. त्यांच्यासमोरच तिच्या छातीत पाणी वाजत होतं आणि हा माणूस म्हणतो साफ आहे!

१३ फेब्रुवारी

गेली खड्ड्यात नोकरी म्हणून हिला घेऊन निघालो. फाटकापर्यंत चालली. रस्त्यावर पाऊल टाकलं आणि श्वास थांबला. अडकला नाही, थांबला. ओठ निळे पडले. उचलून आत आणलं तर जिना उतरताना छाती हलली, पाइपजवळ आल्यावर डोळे उघडले.

स्वयंपाकीण दारातून बघत होती. मदतीला आली नाही.

१४ फेब्रुवारी

बाईंनी आज सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. त्यांचे यजमान फार नीटनेटके. घरी पाहुणे येणार म्हणून त्यांनीच एकदा हा व्हॉल्व्ह आवळला होता. मुलगी तेव्हा माहेरी आलेली. तिची छाती अशीच भरत गेली. ज्या दुपारी ती गेली त्याच दुपारी मुका पाइप पुन्हा बोलायला लागला. त्यातला श्वास तिचा होता, मला पोटच्या पोरीचा श्वास कळत नाही का, म्हणाल्या. जो आवळतो त्याचं सगळ्यात जवळचं माणूस पाइप घेतो, आणि त्यात जागा एकाचीच. माझी पोरगी तू गप्प केलीस, म्हणाल्या. आता तुझी बायको तिथे बसेल.

मी हातोडा उचलला. टाकीच फोडतो म्हटलं. बाई म्हणाल्या, फोड, तिचा अर्धा श्वास आता आत आहे, तो फरशीवर सांडेल.

हातोडा खाली ठेवला. देवा, मला भीती वाटते.

१६ फेब्रुवारी

पाइप वाजला. थोडासा. तेवढाच हिचा श्वास कमी झाला.

व्हॉल्व्ह आवळला तर तोंडातून पाणी येतं. खारट, टाकीचं. उघडला तर श्वास पाइपात जातो. मधे कुठे तरी धरावा म्हणून दिवसभर व्हॉल्व्हची दांडी धरून बसलोय. केसभर इकडे, केसभर — मला येतं हे, मला हेच तर येतं —

माझा घे म्हटलं. पाइपच्या तोंडाला तोंड लावलं. ओढलाच नाही त्याने.

१७ फेब्रुवारी, सकाळी

हिने माझा हात धरला होता. आता धरलेला नाही.

दुपारी

गेली. पलंगावर आहे. छाती —

पाइप बोलतोय. खणखणीत. हीच आहे. लांब श्वास घेते आणि मध्येच थांबते, मला काही सांगायचं असलं की थांबायची तशी. मी हाक मारली. गुडगुड थांबली, मग पुन्हा —

व्हॉल्व्हला कुणी हात लावायचा नाही. कुणीही नाही. जन्मभर इथे बसेन.

नंतर

बाई खाली आल्यात. हातात पाना. शांतपणे सांगतात, बाजूला हो. पुन्हा आवळला की तुझी जाईल, जागा रिकामी होईल, माझी परत येईल. म्हटलं, तुमचंही माणूस घेईल तो. तर हसल्या. म्हणाल्या, माझं कोण उरलंय?

दांडीला मिठी मारून बसलोय. एका हाताने लिहितो —

स्वयंपाकिणीला हाक मारली त्यांनी. ती जिना उतरतेय — तिच्याही हातात —

ही घाबरलीय, श्वास भराभर चाललाय तिचा, ऐकू येतंय मला — आहे गं, मी इथेच —

एक हात पुरत नाही, दोन्ही हातांनी धरायला —