पडद्यावरचे आडवे धागे

३ फेब्रुवारी
आले एकदाची सोलापूरला. शाळेतली नोकरी संपली, पुण्याचा फ्लॅट बंद केला आणि जिथं कॉन्व्हेंटच्या निळ्या फ्रॉकात वाढले त्या गावी परतले. अक्कलकोट रोडला दानम्मांच्या घराचा वरचा मजला मिळाला. खाली त्या एकट्या राहतात. शेजारच्या खोलीत त्यांच्या नवऱ्याचा चादरीचा माग बंद पडून आहे. आल्याआल्या त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. म्हणाल्या, "बाई, हितं एकट्या न्हाय तुमी. मी हाय की."

टीव्ही भिंतीला लावला. केबल लोंबत होती. जुन्या वायरिंगचं एक भोक खाली मागाच्या खोलीत उतरतं, त्यातून लाल सुताचं टोक वर आलं होतं. केबल त्यालाच बांधून टाकली. सुटं टोक ठेवू नये, असं शिवणाच्या तासाला सिस्टर सांगायच्या. हात अजून तीच गाठ मारतात.

मग पेन ड्राइव्ह लावून माझ्या नवऱ्याला, नारायणला पाहिलं. त्याच्या शेवटच्या वाढदिवसाची चार मिनिटं. एवढी एकच प्रत उरली आहे. खुर्चीत बसतो, केककडे बघून हसतो, म्हणतो, "मालू, पुरे आता." रोज दुपारी जेवताना मी त्याच्यासमोर बसते.

६ फेब्रुवारी
पडद्याच्या तळाशी लाल-पांढऱ्या आडव्या रेघा. नारायणची पावलं दिसत नाहीत.

८ फेब्रुवारी
शहाजी वायरमन येऊन गेला. आधी म्हणाला, "टीव्ही बरा हाय बाई, चष्मा बदला की." मग फ्रिज, पंखा, मिक्सर, ट्यूब एकेक करून बंद केलं. रेघा तशाच. माझा जुना ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवून त्यानं भिंतीभिंतीनं फिरवला. जिथं दोष असेल तिथं खरखर वाढते म्हणे. टीव्हीमागच्या भोकाशी खरखर नव्हती. खटक-खटक होती, एका लयीत. खाली मोटर चालू असणार, असं तो म्हणाला. पेन ड्राइव्ह त्याच्या लॅपटॉपला लावून पाहिला. रेघा तिथंही. आता गुडघ्यापर्यंत.

९ फेब्रुवारी
मोटर दानम्मांनी नवरा गेला त्याच वर्षी विकली. मागाला वायरसुद्धा नाही. कुलूप काढून दाखवलं. मागावर अर्धी चादर होती, लाल-पांढरी. दानम्मा तिच्याकडे बघतच राहिल्या. एवढी न्हवती, म्हणाल्या, वीतभर होती.

उभे धागे संपत आले की नव्यांची टोकं जुन्यांना एकेक करून बांधतात, मग माग ती पुढं ओढून घेतो. ही इथली रोजची रीत. त्यांनी वर येऊन माझी गाठ पाहिली. नवरा गेल्यापासून त्या मागाला कुणी काही बांधलं नव्हतं. गाठ सोडवा, पण कापू नका, असं दोनदा बजावलं. कापलं तर माग बांधणाऱ्यालाच ओढतो.

११ फेब्रुवारी
गाठ सुटत नाही. नखं तुटली. केबल ताणून भोकाशी गेली आहे.
रेघा नारायणच्या हनुवटीला. उद्या चेहरा जाईल. एकदा पोचवलं त्याला. पुन्हा नाही जमायचं.

१२ फेब्रुवारी, सकाळ
सूत कापलं. शिवणाच्या कात्रीनं. दानम्मांना सांगितलं नाही.
पडदा स्वच्छ. नारायण पावलांसकट. खूप रडले.

दुपार
ताट घेऊन बसले. नारायण केककडे बघत नाही. माझ्या पायांकडे बघतो आहे.
उठायला गेले— घोटे एकमेकांना जुळलेत. कातडीवर रेघा. लाल, पांढरी, लाल—
खालून खटक-खटक.

मेन स्विच दाराजवळ. पोचता येत नाही. हाक मारली. दानम्मा दार ठोठावतायत, रडतायत, कापलंत का, विचारतायत. कडी आतून—

गुडघे.

नारायण खुर्चीतून उठला. व्हिडिओत तो उठत नाही. काच आतून बडवतो आहे. आवाज येत नाही, ओठ तेवढे— मालू, पुरे—

छातीपर्यंत. डावा हात गेला.
उजव्या हाताची बोटं अजून—