आईच्या कानांचं उत्तर मी दिलं

आई, परवा एका मुलीने माझ्यासमोर बसून तेच खोटं सांगितलं जे मी तुझ्यासाठी सांगितलं होतं. शब्दसुद्धा जवळपास तेच. "मम्मीला काही त्रास नाही, सगळं बरोबर आहे." आणि तिची आई शेजारी बसून मान डोलावत होती, तू डोलवायचीस तशी. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल आमटीत मीठ दोनदा पडलं, तर तुझ्या नातीने ताट सरकवलं आणि म्हणाली, आज मॅगी खाते. म्हटलं, लिहून टाकू एकदाचं. तुला जाऊन दहा वर्षं झाली. ही गोष्ट त्याच्याही आधीची आहे आणि ती मी तुला कधी सांगितली नाही.

आधी मी हल्ली काय करते ते सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही. तू असताना मी घाटकोपरला मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभी असायचे. आता टीबीवर संशोधन करणाऱ्या लोकांकडे आहे. साध्या टीबीवर नाही, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर, तुला झाला होता त्याच्यावर. तुझ्या वेळी दोन वर्षं औषधं होती आणि त्यातले पहिले कित्येक महिने रोज सुई. आता सहा महिने, नुसत्या गोळ्या. सुई नाहीच. ट्रेनिंगमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले मी, आणि आनंदाने नव्हे हां, रागाने रडले. एवढं सोपं होतं तर मेल्यांना आधी का नाही सुचलं? सोपं नव्हतं हे आता कळतं. कितीतरी आजारी माणसांनी रक्त देऊन, गोळ्या खाऊन, दर महिन्याला त्याच त्या प्रश्नांची उत्तरं देऊन ते ठरवून दिलंय. या नव्या गोळ्यांतलीही एक हातापायांच्या नसांना त्रास देते, कधी डोळ्यांना. ती किती कमी दिली तरी भागेल, हेच आमच्याकडे बघतात. माझं काम विचारायचं. काय होतंय ते विचारायचं आणि माणूस सांगेल तसं लिहायचं.

विचारण्यावरून आठवलं. तुझ्या वतीने बोलायची सवय मला सातवीत लागली. बाबांची मिल बंद पडली आणि मग बाबाही गेले. त्यानंतर रेशनच्या दुकानात, बँकेत, माझ्याच शाळेत, सगळीकडे तू मला पुढे करायचीस. "तू बोल गो, माझा मालवणी ह्येंका समाजणा नाय." घरात मात्र तुझ्या तोंडाला कोण लागणार! भांडुपच्या टेकडीवरच्या त्या खोलीत बारा डबे भरायचीस रोज. तू स्वयंपाक कानाने करायचीस, हे मला कळलं तू ऐकेनाशी झालीस तेव्हा. पाठ करून कांदा चिरत असायचीस आणि तिकडे तेलाचा आवाज बदलला की न बघता हात मागे जायचा, गॅस बारीक. कुकरच्या शिट्ट्या तू मोजतेयस असं कधी वाटलंच नाही, आणि एकही कधी चुकली नाही. मी एकदा शेजारणीशी गप्पा मारत दूध उतू घालवलं, तर म्हणालीस, "कान काय दागिने घालूक दिल्यान काय देवान?" राग आलेला मला. चार दिवस बोलले नाही मी तुझ्याशी.

मग तुझा खोकला. मग डबे बंद, कारण लोकांना काय सांगणार. मग रिपोर्ट, आणि रोजची सुई. रविवार सोडून रोज टेकडी उतरायची, दवाखान्यात जायचं, आज उजवीकडे, उद्या डावीकडे. रिक्षात तू एका अंगावर कलून बसतेस आणि मला म्हणतेस, "माझी चाळण झाली गो, आता पीठ चाळूक घे." त्या दिवसांतही हसवायचीस. मी हसायचे आणि रात्रभर तुझा श्वास मोजत पडायचे. आपण दोघीच होतो ना. तू गेलीस तर मला मागे-पुढे कोण होतं? हे मी त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ घोकत होते, दुसरं काही डोक्यात शिरतच नव्हतं.

दुसरा महिना संपत आला तेव्हा तू म्हणालीस, "कानात भुंगो घुसल्यासारखो वाजता गो. रातचो जास्ती. डॉक्टराक सांग." मी म्हटलं, सांगते. आणि त्याच आठवड्यात रांगेत एका बाईने मला सांगितलं की तिच्या दिराचे कान गेले म्हणून त्याची सुई बंद केली, दुसरं औषध दिलं, ते लागूच पडलं नाही आणि तो गेला. खरं-खोटं देव जाणे. मी कोणाला विचारलं नाही. आत गेलो. डॉक्टर भला माणूस होता, पण बाहेर पन्नास जण, त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. तुझ्याकडे न बघता त्याने मास्कच्या आडून पुटपुटत मला विचारलं, "यांना ऐकायला नीट येतं? कानात आवाज वगैरे?" तुला ते धड ऐकू गेलं नाही, तू माझ्याकडे बघत होतीस. मी हळूच म्हटलं, "हो डॉक्टर, नीट येतं. काही नाही." त्याने लिहिलं. बाहेर आल्यावर तू विचारलंस, "काय म्हणालो गो डॉक्टर?" मी म्हटलं, होतं म्हणाले असं, औषध गरम असतं, कोर्स संपला की जाईल. तू म्हणालीस, "मग ठीक हा."

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. त्याला एक खोटं, तुला दुसरं. तोवर तू टीव्ही मोठा करायला लागली होतीस, आणि हाक मारली तर दुसऱ्या हाकेला वळायचीस. मला दिसत होतं, आई. दिसत नव्हतं असं म्हणायला तोंड नाही मला. मी रोज स्वतःला सांगायचे, अजून थोडेच दिवस, अजून थोड्याच सुया.

पाचव्या महिन्यात डॉक्टर बदलली. तरुण बाई होती. तिने तुझं नाव पुकारलं, तू समोरच बसलेलीस, वळली नाहीस. दुसऱ्यांदा पुकारलं. मग ती उठून तुझ्या मागे गेली आणि टाळी वाजवली. ती तुझ्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "आजी, हे कधीपासून? दर महिन्याला विचारतो ना आम्ही? इथे बघा, चारही महिने लिहिलंय, तक्रार नाही. सांगितलं का नाही वेळेवर?" तेवढं तुला ऐकू गेलं. तू कागदाकडे बघितलंस. मग माझ्याकडे. किती वेळ बघत होतीस मला माहीत नाही, मी जमिनीवरची फरशी बघत होते. मग तू म्हणालीस, "माकाच कळाक नाय, डॉक्टर. वय झाला."

पन्नाशीसुद्धा नव्हती तुझी.

परत येताना तू इडली खायची म्हणालीस. स्टॉलवर उभं राहून आपण इडली खाल्ली. माझ्या ताटलीत तुझी अर्धी टाकलीस. सुई त्या दिवसापासून बंद झाली, राहिलेलं ऐकणंही महिन्याभरात गेलं. आणि तू बरी झालीस. ते झालंच. दोन वर्षांनी रिपोर्ट स्वच्छ आला, त्या डॉक्टरीणबाईने तुला पेढा दिला. त्या चार महिन्यांच्या सुयांनी तू वाचलीस की नुसत्या गोळ्यांनीही वाचली असतीस, मी आता इथे किती हुशार लोकांना आडून-आडून विचारलं. कोणी सांगू शकत नाही. एकाच माणसाला दोन्ही करून बघता येत नाही म्हणतात.

नंतरची तुझी चार वर्षं. गावच्या मामाला फोन लावून द्यायला सांगायचीस, फोन कानाला धरायचीस आणि सगळी हकीकत एका दमात सांगून ठेवून द्यायचीस. "माझा मी सांगलंय, त्येचा त्येका ठावक." चाळभर हसायचे, तूही हसायचीस. कुकर लावलास की मला समोर उभी करायचीस, मी बोटं दाखवायचे, एक, दोन, तीन. बोलण्यासाठी एक वही केली होती आपण. तू चौथी शिकलेली, एकेक अक्षर जुळवत वाचायचीस, म्हणून मी मोठं मोठं लिहायचे: भाजी आणू? ताप आहे का? त्या वहीत मी दोनदा ही गोष्ट लिहायला घेतली. दोन्ही वेळा पान फाडलं. आणि तोंडाने सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आई. मधल्या भिंती म्हणजे पत्रेच. माझा गुन्हा आधी सगळ्या बिऱ्हाडांनी ऐकला असता आणि तुलाच तेवढा ऐकू गेला नसता.

मधे माझं लग्न झालं, तुझी नात झाली; ती दीड वर्षाची होती तेव्हाचं सांगते. बडबड नुसती दिवसभर. तू तिला मांडीवर घेऊन तिच्या तोंडाकडे बघत बसायचीस. एकदा मला विचारलंस, "आवाज कसो हा गो चेडवाचो?" वही घेतली, पेन घेतलं, आणि सुचेना. बारीक आहे लिहू? गोड आहे लिहू? शेवटी लिहिलं, छान आहे. तू वाचलंस आणि मान हलवलीस, दुकानदाराने माल दाखवावा आणि आपल्याला तो हवा तसा नसावा, तशी. आजही ती मोठ्याने बोलते तेव्हा कधीकधी मी तिच्यावर उगाच खेकसते. तिला वाटतं आईचं डोकं फिरलंय. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तुला न्यूमोनिया झाला, आणि तुझ्या त्या ठिगळं पडलेल्या फुप्फुसांना तो झेपला नाही.

तर परवाची मुलगी. गोवंडीची, एकोणीस-वीसची. तिच्या आईच्या औषधांचा चौथा महिना चालू आहे. माझा इथे एक नियम आहे, नातेवाइकांना बाहेर बसवायचं, पेशंटने स्वतः बोलायचं. ऑफिसातली पोरं मला त्यावरून सासू म्हणतात, म्हणू देत. मुलगी हटेना, शेवटी हाताला धरून बाहेर बसवली. मग त्या बाईला विचारलं, पायाला मुंग्या येतात? ती आधी दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मुंग्या गेल्या आता. आता काय कळतच नाय. परवा नळावर गेले, परत येऊन बघते तर एकाच पायात चप्पल." मी लिहिलं. बाहेर आले तर मुलीने माझा हात पकडला. "मॅडम, लिहू नका ना प्लीज. डोस कमी करतील. काही झालं तिला तर मी काय करू? मला कोण नाय दुसरं." मी म्हटलं, "लिहिलं गं, झालं आता." ती म्हणाली, "तुम्हाला काय कळणार!" आणि आईला घेऊन गेली. माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं, पण सांगितलं नाही. डोस कमी केलाय. काल फोन केला तर आईने उचलला, बरी आहे म्हणाली. मुलगी माझ्याशी बोलत नाही.

हे लिहून कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, तुझ्या नातीच्या हाती लागणार नाही असं कुठेतरी ठेवीन. माफी मागायची म्हणून बसले होते. दोन दिवस लिहितेय, ते वाक्य काही उतरत नाही. इथे सगळ्यांना वाटतं ही बाई अनुभवातून शिकली. दुसऱ्यांच्या आयांसाठी शिकले मी, ते खरं. पण तू पुन्हा माझ्या बाजूच्या खुर्चीत बसलीस, त्या डॉक्टरने मान वर न करता विचारलं, तर मी पुन्हा म्हणेन, हो डॉक्टर, नीट ऐकू येतं. मला तू जिवंत हवी होतीस, बहिरी तर बहिरी. तुला काय हवं होतं ते मी विचारलं नाही, कारण तू काय सांगितलं असतंस याची मला भीती वाटत होती.